दर रात्री चार टक्के, एकूण चव्वेचाळीस टक्के: बॉम्बर विमानांच्या नुकसानीचा हिशेब

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडची विमाने दर मोहिमेत शंभरातली दोन ते पाचच गमावली जात, असे सर्वत्र लिहिलेले आढळते; तरीही त्या दलातील ४४ टक्के माणसे मारली गेली, असेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. मग यातील खरे काय? शिवाय न्यूरेंबर्ग या जर्मन शहरावरील मोहिमेच्या एकाच रात्रीचे नुकसान कोणी ९५ विमाने सांगतो, तर कोणी शंभराच्या वर, असे का?

दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांच्यात विरोध दिसतो तो एवढ्यासाठी की एक आकडा विमानाच्या एका फेरीचा आहे आणि दुसरा माणसाच्या संपूर्ण नोकरीचा. मी स्वतः भारतीय हवाई दलात कॅनबेरा बॉम्बर विमानांवर नेव्हिगेटर होतो आणि निवृत्तीनंतरची बरीच वर्षे या जुन्या स्क्वाड्रनांच्या नोंदवह्या वाचण्यात घालवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की या विषयात चुकीचे आकडे फारसे छापले जात नाहीत. बरोबर आकडेच चुकीच्या भाजकासह छापले जातात.

आधी साधा गुणाकार पाहू. बॉम्बर कमांडच्या चालकदलाला एका पाळीत ३० मोहिमा पूर्ण कराव्या लागत. त्यानंतर काही महिने प्रशिक्षकाचे काम, आणि पुढे काहींच्या वाट्याला २० मोहिमांची दुसरी पाळी. एका मोहिमेत चार टक्के विमाने परतत नसतील, तर परतण्याची शक्यता ९६ टक्के; हे ऐकायला बरे वाटते. परंतु सलग तीस वेळा परतायचे असेल तर ०.९६ या संख्येला तिनेच तीस वेळा गुणावे लागते आणि उत्तर येते सुमारे २९ टक्के. म्हणजे शंभर दलांपैकी एकोणतीस पाळी पुरी करतात, एकाहत्तर करत नाहीत. पाच टक्के धरले तर पुरी करणारे एकवीस-बावीस उरतात, आणि दोन टक्के धरले तरी चोपन्नच. त्या काळी तळांवरच्या मेसमध्ये मुले हाच हिशेब बेरजेने मांडत: चार टक्के गुणिले पंचवीस म्हणजे शंभर, अर्थात पंचविसाव्या मोहिमेनंतर आपण कागदोपत्री मेलेलो. ते गणित चुकीचे होते, कारण धोका साठत नाही. दर रात्री तो नव्याने सुरू होतो. विसाव्या मोहिमेला निघालेल्या माणसाची मागची एकोणीस परतणी त्याच्या कामाची नसतात. त्यांचे उत्तर चुकले असले तरी अंदाज फारसा चुकला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आता संपूर्ण युद्धाची सरासरी घ्या. बॉम्बर कमांडने एकूण ३,६४,५१४ उड्डाणे केली आणि त्यांत ८,३२५ विमाने गमावली, असा अधिकृत आकडा आहे. हे प्रमाण २.३ टक्क्यांहून किंचित कमी भरते. या दराने तीस मोहिमांचा गुणाकार केला तर उत्तर जवळजवळ बरोबर निम्मे येते. एकाच पाळीचा हा सरळ नाणेफेकीचा सौदा होता, आणि तोही साऱ्या युद्धाची सरासरी धरून. १९४३ च्या हिवाळ्यात उडणाऱ्याच्या वाट्याला ही सरासरी आलीच नाही.

मग ४४ टक्के कुठून आले? बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी चालकदलात सेवा केली आणि त्यांतले ५५,५७३ मारले गेले, हा तो भागाकार. या सव्वा लाखात १९४५ च्या वसंतात प्रशिक्षण संपवून एकही मोहीम न केलेली मुले आहेत, पाळी संपवून प्रशिक्षक म्हणून राहिलेले आहेत आणि युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, नुकसानीचा दर खूप खाली आल्यानंतर, दाखल झालेलेही आहेत. दुसरा एक हिशेब नेहमी दिला जातो, तो भाजक बदलून केलेला आहे: मोहिमांपूर्वीच्या अंतिम प्रशिक्षण केंद्रात दाखल झालेल्या शंभर जणांपैकी ५१ मोहिमांत मेले, ९ इंग्लंडमधल्याच अपघातांत मेले, ३ गंभीर जखमी झाले, १२ युद्धकैदी झाले, एक जण पाडला जाऊनही निसटून आला आणि २४ जण सुखरूप राहिले. एकीकडे ४४ आणि दुसरीकडे ६०. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसे तीच आहेत, फक्त कोणाला मोजणीत धरायचे हे बदलले आहे. माझ्या मते प्रत्यक्ष लढाईला निघालेल्या तरुणाच्या नजरेने पाहायचे असेल तर दुसरा हिशेब अधिक प्रामाणिक आहे.

५५,५७३ या आकड्याच्या आतही डोकावायला हवे. त्यांतले ४७ हजारांहून अधिक मोहिमांत किंवा कैदेत गेले. उरलेले आठ हजारांहून अधिक शत्रूच्या गोळीने मेले नाहीत. ते प्रशिक्षणात, धुक्यात, वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांवर, रात्री उतरताना, बॉम्ब भरताना झालेल्या स्फोटांत मेले. मोहिमांतून निवृत्त केलेली दमलेली विमाने प्रशिक्षण केंद्रांना दिली जात आणि त्यांवर नवशिकी मुले रात्रीचे उड्डाण शिकत. अपघात होणे क्रमप्राप्तच होते. लिंकन येथील आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राच्या पोलादी भिंतींवर आज जवळपास ५८ हजार नावे आहेत, कारण त्या यादीत जुन्या गणतीतून सुटलेले आणि जमिनीवर काम करताना मेलेलेही घेतले आहेत. त्यामुळे ५५ हजार आणि ५८ हजार यांपैकी एक आकडा खोटा असला पाहिजे, असे मानण्याचे कारण नाही.

आता न्यूरेंबर्गकडे वळू, कारण तिथे ‘नुकसान’ या शब्दाचाच अर्थ तपासावा लागतो. बॉम्बर कमांडच्या रोजच्या आकडेवारीत जे विमान परत आले नाही आणि ज्याचा ठावठिकाणा लागला नाही तेवढेच ‘बेपत्ता’ या रकान्यात जाई. जे विमान इंग्लंडचा किनारा ओलांडून आले आणि तळापासून दोन मैलांवर झाडीत कोसळले, त्यातली सातही माणसे मेली तरी ते त्या रकान्यात नसे. त्याची नोंद अपघाताच्या कार्डावर होई. तिसरा प्रकार म्हणजे उतरलेले, पण इतके चाळण झालेले विमान की दुरुस्त करण्यात अर्थ नाही. त्याला ‘ई’ वर्ग मिळे आणि ते भंगारात जाई. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने निघाली: ५७२ लँकेस्टर, २१४ हॅलिफॅक्स आणि ९ मॉस्किटो. त्यांतली ६४ लँकेस्टर आणि ३१ हॅलिफॅक्स बेपत्ता झाली, म्हणजे ९५. इंग्लंडमध्ये परतताना कोसळलेली आणि मोडीत काढलेली विमाने मिळवली की आकडा शंभर ओलांडतो. तुमच्या प्रश्नातील दोन आकड्यांमधला फरक तेवढाच आहे.

हा फरक किती मोठा होऊ शकतो, याचे उदाहरण न्यूरेंबर्ग नसून १६ डिसेंबर १९४३ ची बर्लिन मोहीम आहे. त्या रात्री २५ लँकेस्टर बेपत्ता झाल्या. उरलेल्या परतल्या तेव्हा पूर्व इंग्लंडवर ढग अगदी जमिनीलगत उतरले होते, इंधन संपत आले होते आणि एका तळाचा दिवा दुसऱ्या तळाला दिसत नव्हता. सुमारे तीस विमाने घराच्या अंगणात येऊन कोसळली किंवा चालकदलाने हवेतच सोडून दिली, आणि शंभराहून अधिक माणसे आपल्याच जमिनीवर मेली. फक्त ‘बेपत्ता’चा रकाना वाचणाऱ्याला त्या रात्रीचे निम्मे नुकसान दिसतच नाही.

तारखेचाही एक सापळा आहे. मोहीम संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपे, म्हणून जाणकार ‘३०/३१ मार्च’ असे लिहितात. स्क्वाड्रनच्या वहीत उड्डाणाची तारीख ३० असते आणि कबरीच्या दगडावर ३१. सुरुवातीच्या काळात मी एका स्क्वाड्रनची यादी करताना याच कारणाने तीन विमाने दोनदा मोजली होती, आणि ती चूक एका वयोवृद्ध ब्रिटिश संशोधकाने अतिशय सभ्य शब्दांत माझ्या पदरात घातली. तेव्हापासून मी तारखेऐवजी विमानाचा अनुक्रमांक धरून मोजतो.

न्यूरेंबर्गला इतके का झाले, हेही सांगायला हवे. चंद्र अर्धा होता आणि लवकर मावळणार नव्हता. वाटेत ढगांचे आच्छादन मिळेल असा अंदाज होता, ते मिळाले नाही. थंड, दमट हवेमुळे एरवी फार उंचावर उमटणाऱ्या बाष्पाच्या पांढऱ्या रेघा त्या रात्री विमानांच्या उंचीवरच उमटत होत्या. आणि बेल्जियममधील शार्लरुआपासून जर्मनीतील फुल्डाच्या दिशेने चारशे किलोमीटरहून लांबीचा सरळ रस्ता आखला होता, जो जर्मन रात्रलढाऊ विमानांच्या जमवाजमवीच्या दोन दीपस्तंभांजवळून जात होता. गमावलेल्यांपैकी बहुसंख्य विमाने लक्ष्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पडली. साडेपाचशेच्या आसपास माणसे एका रात्रीत गेली. गेलेल्या विमानांचे प्रमाण जवळपास १२ टक्के होते. प्रत्येक रात्र अशीच असती तर शंभरातली दोनच दले पाळी पुरी करू शकली असती.

विमान पडले म्हणजे माणूस मेलाच असे नाही, आणि माणसांचा हिशेब विमानांच्या हिशेबापासून इथे वेगळा होतो. लँकेस्टरमध्ये सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, बिनतारी संदेशवाला, पाठीवरच्या मनोऱ्यातला तोफची आणि शेपटीतला तोफची. १०१ स्क्वाड्रनमध्ये आठवा असे, जर्मन जाणणारा, शत्रूच्या रेडिओ संभाषणात अडथळा आणणारा. म्हणून त्या स्क्वाड्रनच्या विमानांना सातने गुणून माणसे काढणारा चुकतो. या सात जणांपैकी पाडलेल्या लँकेस्टरमधून सरासरी एकच जण जिवंत बाहेर पडे. बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात कोवळ्या वयात काम केलेले आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले फ्रीमन डायसन यांनी सांगितलेले प्रमाण असे होते: दिवसा उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बरमधून निम्मे लोक वाचत, हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंगमधून पंचवीस टक्के, आणि लँकेस्टरमधून पंधरा टक्के.

लँकेस्टर हे सर्वांत चांगले विमान होते, उंच उडे, जास्त बॉम्ब नेई आणि हॅलिफॅक्सपेक्षा कमी वेळा पडे. पण एकदा लागले की तेच सर्वांत घातक ठरे. यामागचे एक मोठे कारण हास्यास्पद वाटावे इतके साधे होते. नाकाजवळच्या जमिनीतील सुटकेचे दार सुमारे २२ इंच रुंद होते. हॅलिफॅक्सचे दोन इंचांनी मोठे. जाड कपडे, लोकरी बूट, जीवरक्षक जाकीट आणि छातीवर अडकवलेली हवाई छत्री घेऊन, गिरक्या घेत पडणाऱ्या विमानात, काळोखात त्या भोकातून उतरायचे. शिवाय धडाच्या मधोमध पंखांना जोडणारी भक्कम तुळई आडवी येई, जी साध्या दिवशीही गुडघा खरचटल्याशिवाय ओलांडता येत नसे. शेपटीतल्या तोफचीची छत्री त्याच्या मनोऱ्यात मावत नसल्याने मागे धडात टांगलेली असे; आग तिथेच लागली तर त्याच्यापुढे पर्याय उरत नसे. दार मोठे करावे अशी मागणी संशोधन विभागातून झाली आणि तिच्यावर निर्णय व्हायला युद्ध संपायची वेळ आली.

इथे थोडे विषयांतर करतो. आमच्या कॅनबेराच्या बी(आय)५८ या प्रकारात वैमानिकाला स्फोटाने बाहेर फेकणारी आसनव्यवस्था होती आणि नाकात बसणाऱ्या नेव्हिगेटरला नव्हती. त्याने बाजूच्या दारापर्यंत जाऊन उडी मारायची, असे नियमपुस्तकात लिहिले होते. आम्ही जमिनीवर त्याचा सराव करत असू आणि घड्याळाकडे पाहणे टाळत असू. त्यामुळे लँकेस्टरच्या दाराचे ते दोन इंच मी कधीही तपशील म्हणून वाचू शकलेलो नाही.

विमाने पडत कशाने? सुरुवातीला दिवसा. १८ डिसेंबर १९३९ रोजी हेलिगोलँडच्या समुद्रावर पोहोचलेल्या २२ वेलिंग्टन विमानांपैकी १२ पडली, आणि बॉम्बर स्वतःच्या तोफांनी स्वतःचे रक्षण करू शकतो ही समजूत तिथे मोडली. त्यानंतर ब्रिटिशांनी रात्रीचा आसरा घेतला. जर्मनांनी रडारची साखळी उभी केली. एकेका चौकोनात एकेक लढाऊ विमान जमिनीवरून मार्गदर्शन घेऊन बॉम्बरच्या मागे लावले जाई. २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर निघालेल्या ७९१ विमानांनी धातूच्या पातळ पट्ट्या हवेत सोडल्या, रडारचे पडदे भरून गेले आणि फक्त १२ विमाने गेली. त्याच मालिकेत तीन रात्रींनंतर हॅम्बुर्ग पेटले आणि एकूण मालिकेत तीस हजारांहून कितीतरी अधिक नागरिक मेले. चालकदलांच्या नुकसानीबद्दल लिहिताना ही दुसरी बाजू डोळ्यांआड करणे मला कधी जमले नाही.

पट्ट्यांचा फायदा काही महिनेच टिकला. जर्मनांनी जमिनीवरचे मार्गदर्शन सोडून लढाऊ विमानांना थेट बॉम्बरांच्या प्रवाहातच शिरवायला सुरुवात केली. त्यातच ‘श्रेगे मुझिक’ नावाची युक्ती आली: लढाऊ विमानाच्या पाठीतून तिरप्या वर रोखलेल्या तोफा. वैमानिक बॉम्बरच्या पोटाखाली सावकाश शिरे, जिथे बहुतेक लँकेस्टरांना ना खिडकी ना तोफ, आणि पंखातील इंधनटाक्यांवर नेम धरून काही गोळ्या झाडे. गोळ्यांची चमक दिसत नसे. बॉम्बरमधल्या माणसांना आपण कशाने मेलो हे कळत नसे, आणि शेजारच्या विमानातल्यांना फक्त आकाशात एक प्रचंड स्फोट दिसे. जर्मन लोक घाबरवण्यासाठी पेटत्या विमानासारखे दिसणारे खास गोळे उडवतात, अशी समजूत चालकदलांत पसरली होती. तसे गोळे नव्हतेच. ती ब्रिटिशांचीच विमाने होती. त्या समजुतीला कोणी फार जोर लावून खोडून काढले नाही, आणि हे मला समजू शकते.

काही उपकरणांनी तर उलटेच काम केले. ‘मोनिका’ हे शेपटीत बसवलेले रडार मागून येणाऱ्या शत्रूची सूचना देण्यासाठी होते. १३ जुलै १९४४ रोजी एक जर्मन युंकर्स ८८ दिशा चुकून इंग्लंडमधल्या वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरले, आणि त्यात मोनिकाच्याच लहरींचा माग काढणारे यंत्र सापडले. चालकदले महिनोन्‌महिने आपल्या शेपटीला दिवा बांधून उडत होती.

अनुभवाचा उपयोग किती, हा प्रश्नही डायसन यांनी आकड्यांवर तपासला होता. पहिल्या चार-पाच मोहिमा पार पडल्या की दल तरबेज होते आणि जगण्याची शक्यता वाढते, असे सर्वच जण मानत, आणि युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते खरेही होते. १९४३-४४ च्या हिवाळ्यात मात्र हा संबंध नाहीसा झाला: नवखे आणि अनुभवी सारख्याच प्रमाणात पडू लागले. जो हल्ला दिसतच नाही तो अनुभवी डोळ्यांनाही दिसत नाही, हे कारण नंतर उमगले. तोफांचे मनोरे काढून टाकून विमान हलके आणि वेगवान करावे, असे डायसन यांचे मत होते. ते मान्य झाले नाही. मला ते मत पटते, पण तोफचीशिवाय रात्री जर्मनीवर निघायला दल तयार झाले असते का, याची शंका वाटते. दोन इंजिनांचे, जवळपास निःशस्त्र पण वेगवान मॉस्किटो दर शंभर उड्डाणांत एकाहूनही कमी गमावले जाई, एवढे मात्र नोंदवायला हवे.

जे परतले नाहीत ते साक्ष देत नाहीत, ही अडचण या साऱ्या अभ्यासाच्या मुळाशी आहे. तिची सर्वांत प्रसिद्ध उकल अब्राहम वाल्ड यांची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील युद्धकालीन संख्याशास्त्र गटात काम करताना त्यांनी १९४३ मध्ये परतलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणांवरून न परतलेल्यांचा अंदाज बांधण्याची रीत लिहून काढली. परतलेल्या विमानांवर इंजिनाच्या भागात खुणा कमी आढळतात, याचा अर्थ तिथे गोळ्या लागत नाहीत असा नाही. तिथे लागलेली विमाने तुमच्यासमोर उभीच राहत नाहीत. लाल ठिपक्यांचे जे विमानाचे चित्र आज सगळीकडे फिरते ते वाल्ड यांनी काढलेले नाही, ते फार नंतरचे आहे. त्यांचे मूळ काम कोरड्या समीकरणांचे आहे आणि चित्रापेक्षा कितीतरी सावध आहे. भारताशी त्यांचा संबंध दुःखद आहे. व्याख्यानांसाठी इथे आले असताना डिसेंबर १९५० मध्ये त्यांचे विमान नीलगिरीच्या डोंगरात कोसळले आणि ते पत्नीसह मृत्यू पावले.

सरासरीत विमानांचे प्रकारही मिसळून जातात. स्टर्लिंगला फार उंच जाता येत नसे, म्हणून ती खालच्या थरात सापडत. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांना जर्मनीवरच्या मोहिमांतून काढले तेव्हा सर्वांत खालचा थर जुन्या हॅलिफॅक्सांच्या वाट्याला आला आणि त्यांचे नुकसान वाढले. १९ फेब्रुवारी १९४४ च्या लाइपझिग मोहिमेत ८२३ पैकी ७८ विमाने गेली, तेव्हा त्यांनाही थांबवावे लागले. म्हणून ‘अमुक विमान अधिक सुरक्षित’ असे म्हणताना त्याच्या खाली कोण उडत होते, हे आधी विचारावे.

अमेरिकनांचे गणित वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर दिवसा निघालेल्या ३७६ विमानांपैकी ६० गेली. १४ ऑक्टोबरला श्वाइनफुर्टवरच २९१ पैकी पुन्हा ६०. दर विमानात दहा माणसे. लांब पल्ल्याची मस्टँग लढाऊ विमाने सोबतीला मिळेपर्यंत खोलवरच्या मोहिमा जवळपास थांबल्या. त्यांच्या आठव्या हवाई सेनेत सुमारे २६ हजार माणसे मेली.

मोहीम कशाला म्हणायचे, हेही अधिकाऱ्यांच्या हातात होते. १९४४ च्या वसंतात फ्रान्समधील लक्ष्ये सोपी मानून तिथली एक फेरी म्हणजे एक तृतीयांश मोहीम, असा नियम आला. म्हणजे तीन रात्री मृत्यूच्या दारात जाऊन वहीत एकच मोहीम. ३ मेच्या रात्री मायी-ल-काँ येथील छावणीवर निघालेल्या ३४६ लँकेस्टरांपैकी ४२ परतल्या नाहीत. त्यानंतर तो नियम गेला.

आपल्याकडच्या माणसांबद्दल अनेकदा विचारले जाते. पुढे जाऊन लक्ष्य खुणावून देणाऱ्या पाथफाइंडर दलाच्या ८३ स्क्वाड्रनमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे नेव्हिगेटर होते. ते लँकेस्टर आर५८६८ मधूनही उडले, आणि तेच विमान आज लंडनच्या हेंडन येथील हवाई दल संग्रहालयात उभे आहे. त्याने शंभराहून अधिक मोहिमा केल्या. त्या विमानाजवळ गेलात तर नाकावरच्या बॉम्बांच्या रंगवलेल्या रांगा पाहून झाल्यावर खाली वाकून सुटकेचे दारही पाहा. आणि हेही ध्यानात असू द्या, की सात हजारांहून अधिक लँकेस्टर बनल्या, त्यांतल्या तीन हजारांहून अधिक युद्धात गेल्या. संग्रहालयात उभे राहते ते वाचलेले विमान.

एखाद्या ठरावीक विमानाचा शोध घ्यायचा असेल तर स्क्वाड्रनच्या नोंदवहीचे दोन भाग बघावेत: ५४० क्रमांकाच्या नमुन्यात दिवसाचा सारांश असतो आणि ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाण. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ती पाने आहेत. ५४१ चे पान आडवे असते. डावीकडे विमानाचा क्रमांक, मग सात नावे एकाखाली एक, मग उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ आणि शेवटी शेरा. परतलेल्यांच्या शेऱ्यात लक्ष्य कसे दिसले, बॉम्ब कोणत्या उंचीवरून टाकले, असे चार-पाच ओळींचे वर्णन असते. न परतलेल्यांच्या रकान्यात उतरण्याची वेळ नसते आणि शेऱ्यात टंकलेखकाने बहुतेक वेळा एवढेच लिहिलेले असते, की उड्डाणानंतर काहीही ऐकू आले नाही. त्यातून कारण शोधू नका. त्या सकाळी त्या लिपिकाला खरोखरच तेवढे ठाऊक होते.

कारण नंतर शोधले गेले. युद्ध संपल्यावर हवाई दलाच्या शोधपथकांनी १९४९ पर्यंत युरोपभर फिरून, गावोगावच्या स्मशानांत विचारपूस करून, इंजिनावरील क्रमांक आणि कपड्यांवरील धोब्याच्या खुणा जुळवून हजारो ‘बेपत्तां’ना नावासह कबर मिळवून दिली. तरीही ज्यांची कबर सापडली नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळच्या रनिमीड स्मारकावर आहेत. हे स्मारक केवळ बॉम्बर कमांडचे नाही. ब्रिटनसाठी गुप्तहेर म्हणून काम केलेल्या नूर इनायत खान यांचे नावही तिथेच आहे. म्हणून रनिमीडचा आकडा ५५,५७३ मधून वजा करून ‘सापडलेले’ काढू नयेत. ही चूक मी छापील लेखांतही पाहिली आहे.

तुमच्याजवळच्या दोन आकड्यांबाबत शेवटचे सांगायचे तर, न्यूरेंबर्गसाठी ९५ लिहा आणि त्याच्यापुढे ‘बेपत्ता’ हा शब्द लिहा. शंभराच्या वरचा आकडा वापरायचा असेल तर इंग्लंडात कोसळलेली आणि मोडीत गेलेली विमाने त्यात धरली आहेत, असे त्याच वाक्यात नमूद करा.